ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन

ध्वनिरूपाने साठविलेल्या भाषणाचे, गायनाचे वा संभाषणाचे लिपिबद्ध मजकुरात रूपांतर करण्याची क्रिया व त्या क्रियेचे फलित ह्या दोहोंना शब्दांकन म्हणतात. आत्मचरित्रे, मुलाखती व व्याख्याने ह्यांच्या संदर्भात ही संज्ञा मराठीत पूर्वीपासून रूढ आहे. ध्वनिमुद्रणाच्या साधनांचा प्रसार झाल्यानंतर तिला अधिक नेमका तांत्रिक अर्थ प्राप्त झाला आणि महाजालावर ध्वनी व चित्र ह्यांचे आदानप्रदान सुरू झाल्यावर चित्राखाली उमटणारी उपशीर्षके, म्हणजे बोलीभाषेत ज्यांना सबटायटल म्हणतात त्या ओळी, हाही शब्दांकनाचाच एक प्रकार मानला जाऊ लागला. लिहिलेले पान क्षणात चाळता येते, त्यातील हवा तो शब्द शोधता येतो. ध्वनिमुद्रण मात्र जेवढे तास बोलले गेले तेवढेच तास ऐकावे लागते. शब्दांकन न झालेली ध्वनिमुद्रिका संग्रहात असूनही बहुधा नसल्यासारखीच असते.

वरवर पाहता हे काम यांत्रिक वाटते. परंतु तसे ते नाही. उच्चार हा अखंड प्रवाह असतो, तर लेखन हे सुट्या अक्षरांचे व सुट्या शब्दांचे बनलेले असते. प्रवाह कोठे तोडावयाचा, कोणता उच्चार कोणत्या अक्षराने दाखवावयाचा, अडखळणे, पुनरुक्ती व हुंकार लिहावयाचे की गाळावयाचे, ह्याचा निर्णय लिहिणाऱ्याला पदोपदी करावा लागतो. तो निर्णय करताना माणूस केवळ कानावर विसंबत नाही. त्याला जे आधीपासून ठाऊक असते तेही त्याच्या लेखणीतून उतरते. शब्दांकनाच्या इतिहासातील बहुतेक अडचणींचे मूळ ऐकलेले आणि ठाऊक असलेले ह्यांमधील ह्या ओढाताणीत आहे.

उदाहरणादाखल रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील साजगाव येथील भजनाचा विचार करता येईल. बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीनजीक असलेले हे गाव ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. येथील विठोबाला ‘बोंबल्या विठोबा’ असे नाव असून कार्तिकी एकादशीला सुरू होणारी त्याची यात्रा सुक्या मासळीच्या बाजारासाठीही प्रसिद्ध आहे. संत तुकाराम मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून येथे येत असत, अशी परंपरा सांगितली जाते. अशा यात्रेत एखादे भजनी मंडळ तुकारामांचा अभंग म्हणते तेव्हा छापील गाथेत एकदाच येणारे धृपद अनेकदा घोळविले जाते, टाळकरी चरणाचा उत्तरार्ध उचलून धरतात, मध्ये विठ्ठलनामाचा गजर होतो आणि गायक कधीकधी गाथेतील शब्दाऐवजी आपल्या परंपरेतील वेगळा शब्द म्हणतो. ह्या ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन करणाऱ्याला गाथा पाठ असेल, तर तो नकळत गाथेतील पाठच लिहून जातो. त्याची प्रत शुद्ध व वाचनीय होते. पण त्या रात्री साजगावात काय म्हटले गेले, हे तीतून कळत नाही. उलट, अभंग मुळीच ठाऊक नसलेला लेखक टाळमृदंगाच्या आवाजात निम्मे शब्द चुकीचे ऐकतो. दोन्ही प्रती सदोषच. मात्र दुसऱ्या प्रतीतील दोष दिसतात, पहिलीतील दिसत नाहीत.

पूर्वपीठिका : उक्त शब्द लिहून ठेवण्याची महाराष्ट्रातील परंपरा यंत्राहून सहा शतके जुनी आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा त्यांच्या सहवासातील व्यक्तींच्या स्मरणातून एकत्र करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले. ज्याने प्रसंग पाहिला वा वचन ऐकले, त्याला गाठून विचारावयाचे, ही त्यांची रीत होती. पुढे मूळ ग्रंथ नष्ट झाला व तो स्मरणाच्या आधारे पुन्हा उभा करावा लागला. त्यामुळे महानुभाव पोथ्यांत एकाच लीळेचे निरनिराळे पाठ त्या त्या व्यक्तीच्या नावाने नोंदलेले आढळतात; हिराइसेचा पाठ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मतभेद झाकून एकच गुळगुळीत संहिता तयार करण्याचा मोह ह्या लेखकांनी टाळला. आजच्या कित्येक शब्दांकनांत एवढी दक्षता आढळत नाही.

ज्ञानेश्वरीच्या लेखनाशी सच्चिदानंदबाबांचे आणि तुकारामांच्या अभंगलेखनाशी संताजी तेली जगनाडे व गंगाराम मवाळ ह्यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. कीर्तनात स्फुरलेला अभंग टाळकऱ्याने टिपून घ्यावा, ही कल्पना वारकरी मनात इतकी रुजली आहे, की लेखक हा संतकथेतील एक पात्रच होऊन बसला आहे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित ह्यांनी संपादिलेली गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ व १८७३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली. तिने अनेक हस्तलिखितांतील पाठ एका मुद्रित रूपात आणले आणि पुढे गायकांच्या तोंडचे पाठही ह्या छापील रूपाशी ताडून पाहिले जाऊ लागले. ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेले पोवाडे हेही बव्हंशी गोंधळ्यांच्या तोंडून उतरून घेतलेले होते. गोंधळी गाताना ज्या जागी थांबत वा आळवीत, त्या जागा कागदावर आल्या नाहीत. त्या टिपण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

लघुलेखन व न्यायालये : आयझॅक पिटमन ह्यांच्या लघुलेखनपद्धतीने (१८३७) बोलण्याच्या वेगाने लिहिणे शक्य झाले. विधिमंडळांची कार्यवृत्ते ह्याच कलेवर उभी राहिली. महाराष्ट्र विधानमंडळातही भाषणे उतरून घेण्याचे काम प्रतिवेदक करीत आले आहेत. परंतु भाषणाची प्रत हा पुरावा म्हणून पुढे आला, की तिचे स्वरूप बदलते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथे स्वराज्यावर दिलेल्या तीन व्याख्यानांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. व्याख्याने मराठीत होती. न्यायालयापुढे आली ती सरकारच्या वतीने उतरून घेतलेली प्रत व तिचे इंग्रजी भाषांतर. बोललेला शब्द अशा प्रकारे दोनदा रूपांतरित होऊन न्यायाधीशांपर्यंत पोहोचला. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९१६ मध्ये हा हुकूम रद्द केला. सुट्या वाक्यांवरून नव्हे, तर संपूर्ण भाषणावरून वक्त्याचा हेतू पाहिला पाहिजे, हा विचार त्या निर्णयामागे होता. संपूर्ण भाषण उपलब्ध असेल तरच तसे पाहता येते, हे उघडच आहे.

ध्वनिमुद्रणाचा उदय : एडिसन ह्यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केल्यावर आवाज प्रथमच बोलणाऱ्यापासून अलग झाला आणि एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकून लेखन तपासणे शक्य झाले. भारतीय भाषांच्या बाबतीत ह्याचा पहिला मोठा उपयोग जॉर्ज ग्रीअर्सन (१८५१–१९४१) ह्यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या अनुषंगाने झाला. १९१३ ते १९२९ ह्या काळात प्रांतिक सरकारांच्या साहाय्याने शेकडो ग्रामोफोन ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या. उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा निरनिराळ्या भाषांत व बोलींत सांगून घेण्याची पद्धत सर्वेक्षणात होती व ध्वनिमुद्रणातही बव्हंशी तिचाच अवलंब झाला. त्यामुळे येथे संहिता आधी व आवाज नंतर असा क्रम पडला. तुलनेसाठी ही योजना सोयीची होती. पण ज्या भाषकाने आयुष्यात कधी अशी कथा सांगितली नाही, त्याच्या तोंडून ती वदविल्याने बोलीचा स्वाभाविक बाज कितपत उतरला, ह्याविषयी शंका राहते. ह्या ध्वनिमुद्रिका आता अंकीय स्वरूपात शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकावयास मिळतात.

चुंबकीय फीत व नंतर कॅसेट आल्यावर ध्वनिमुद्रण संशोधकाच्या पिशवीत मावू लागले. शब्दांकनाचे श्रम मात्र कमी झाले नाहीत. फीत थांबवावयाची, मागे घ्यावयाची, चार शब्द लिहावयाचे, पुन्हा ऐकावयाचे, ह्या रीतीने एका तासाच्या स्पष्ट मुलाखतीला साधारणपणे चार ते सहा तास लागतात; अनेक माणसे एकदम बोलत असतील वा गाणे असेल तर त्याहून पुष्कळ अधिक.

जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह : महाराष्ट्रात ह्या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह होय. ओव्या एकत्र करण्याचे काम त्यापूर्वीही झाले होते. साने गुरुजींचे स्त्री जीवन आणि सरोजिनी बाबर ह्यांच्या संपादनाखाली निघालेली लोकसाहित्याची पुस्तके ह्यांनी ओवीला सुशिक्षित वाचकांपर्यंत नेले. परंतु अशा संग्रहांत ओवी सामान्यतः निनावी, समूहाची निर्मिती म्हणून येते. ती कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली, हे क्वचितच कळते. पुण्यातील हेमा राइरकर व गी पॉइटवाँ ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात सुरू केलेल्या कामात ही दृष्टी बदलली. मावळ व मुळशीच्या डोंगरी भागापासून आरंभ करून पुढे महाराष्ट्राच्या इतर भागांत पसरलेल्या ह्या उपक्रमातून एक लाखाहून अधिक ओव्या एक हजारावर गावांतून गोळा झाल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे व गावाचे नाव नोंदविण्यात आले आणि विषयवार वर्गीकरण करून ती संगणकात घालण्यात आली. बर्नार्ड बेल ह्या संगीताच्या संगणकीय अभ्यासकाने १९९० नंतरच्या दशकात सु. १२० तासांचे ध्वनिमुद्रण त्यात जोडले. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ ह्या ग्रामीण भारतविषयक संकेतस्थळावर ध्वनी, मराठी संहिता, भाषांतर व काही ठिकाणी उपशीर्षकयुक्त चित्रफिती ह्या रूपांत क्रमाने प्रसिद्ध होत आला आहे.

ह्या संग्रहाचे मोल जसे मोठे तशी त्याची मर्यादाही बोधप्रद आहे. एक लाखावर ओव्या १२० तासांत मावणे शक्य नाही. म्हणजे बहुसंख्य ओव्यांचे केवळ लेखन उरले आहे व आवाज उरलेला नाही. दळणाची गिरणी गावोगाव पोहोचल्यावर जाते बंद पडले आणि जात्याबरोबर गाण्याचे निमित्तही सरले. आवाज असलेल्या ओवीचे लेखन आजही कोणी तपासू शकतो. आवाज नसलेल्या ओवीच्या बाबतीत टिपणाऱ्याच्या कानावरच विश्वास ठेवावा लागतो. गाताना ओवीचा पहिला चरण तोडून पुन्हा म्हणतात, मध्ये ‘बाई’सारखे संबोधन घालतात, गळ्यागळ्यानुसार शब्द लांबवितात. कागदावर मात्र दोन सुटसुटीत ओळी उरतात. ओवी ही वाचावयाची कविता आहे असा समज ज्या पिढीचा झाला, त्या पिढीला हे दोन ओळींचे रूपच मूळ वाटते.

यांत्रिक शब्दांकन : माणसाऐवजी यंत्राने ऐकून लिहावे, ह्यासाठीचे पद्धतशीर प्रयत्न १९५० नंतर सुरू झाले आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांना संख्याशास्त्रीय वळण मिळाले. ह्या पद्धतीत ध्वनितरंगाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या अंतराने तुकडे घेऊन प्रत्येक तुकड्यातील कंपनांची मांडणी पाहिली जाते व तो तुकडा कोणत्या उच्चाराचा असण्याचा संभव अधिक, ह्याचे गणित केले जाते. परंतु एवढ्याने काम भागत नाही. ‘वार’, ‘वाट’, ‘वाड’ ह्यांसारखे शब्द गोंगाटात सारखेच भासतात. म्हणून त्या भाषेत कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्याचे दुसरे गणित त्याला जोडावे लागते. साजगावच्या भजनात गाथा पाठ असलेला लेखक जे करतो, तेच येथे यंत्र करते : कानाला जे संदिग्ध वाटले, ते ते आपल्या पाठांतराने पुरे करते. २०१० नंतर कृत्रिम तंत्रिकाजालांचा उपयोग सुरू झाल्यावर ही दोन्ही गणिते एकत्र झाली व अचूकता फार वाढली. पण पाठांतराचा प्रभाव कमी न होता उलट अधिक खोल गेला. ध्वनिमुद्रणात दीर्घ शांतता असता अशा यंत्रणा कधीकधी न बोललेली वाक्येही लिहितात, असे आढळले आहे.

मराठीसाठी सामान्य वापरकर्त्याच्या हाती हे साधन ऑगस्ट २०१७ मध्ये आले. गूगलची आवाजावरून लिहिण्याची सोय तेव्हा मराठीसह आठ भारतीय भाषांत सुरू झाली. त्याआधी मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने, शेतकऱ्याने दूरध्वनीवर मालाचे व बाजारपेठेचे नाव उच्चारताच भाव सांगणारी मराठी यंत्रणा तयार करण्याचे काम हाती घेतले होते. शब्द मोजके असले, तरी बोलणारे खेड्यापाड्यांतील असल्याने हा प्रयोग लक्षणीय ठरतो. २०२२ मध्ये दोन मोठे संग्रह व यंत्रणा पुढे आल्या. ‘व्हिस्पर’ ही अमेरिकी यंत्रणा ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकविलेली आहे. मात्र त्यातील सु. दोन-तृतीयांश भाग इंग्रजीचा असून मराठीचा वाटा अत्यल्प आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेशी संबंधित संशोधकांनी ‘श्रुतलिपी’ ह्या नावाने ६,४०० तासांहून अधिक ध्वनी व त्याचा मजकूर बारा भारतीय भाषांसाठी जुळविला. तो आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून घेतलेला आहे. निवेदकाची स्वच्छ, प्रमाण व लिहिलेल्या कागदावरून वाचलेली मराठी ऐकून यंत्र शिकते आणि मग तेच यंत्र बाजारातील बोलणे ऐकावयास बसविले जाते.

न्यायालयीन उपयोगाचा आरंभ योगायोगाने महाराष्ट्राशी निगडित आहे. महाराष्ट्रातील सत्तांतरातून उद्भवलेल्या वादाची सुनावणी घटनापीठापुढे चालू असताना २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात प्रथमच युक्तिवादांचे यांत्रिक शब्दांकन त्याच वेळी पडद्यावर दाखविण्यात आले. ते अर्थातच इंग्रजीत होते.

मराठीच्या विशेष अडचणी : मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जात असल्याने एका नामाची अनेक रूपे होतात, साजगाव, साजगावचा, साजगावात, साजगावाहून, साजगावकडे ही सर्व यंत्राच्या दृष्टीने वेगळे शब्द ठरतात. च, ज, झ ह्या अक्षरांचे दोन दोन उच्चार आहेत, पण लेखनात तो भेद दाखविला जात नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. मात्र ‘केले’ व ‘केलं’ ही दोन रूपे लेखी व बोली म्हणून शेजारी शेजारी नांदत राहिली. वक्ता ‘केलं’ म्हणतो, शब्दांकन करणारा ‘केले’ लिहितो व दोघांनाही त्यात काही विशेष झाले असे वाटत नाही.

शब्दांकनाची अचूकता मोजण्याची रूढ पद्धत येथे विचारात घेण्याजोगी आहे. माणसाने लिहिलेली प्रत प्रमाण धरून यंत्राने बदललेले, गाळलेले व अधिक घातलेले शब्द मोजतात आणि त्यांचे मूळ शब्दसंख्येशी प्रमाण काढतात. ‘आज साजगावात विठोबाची यात्रा आहे’ ह्या पाच शब्दांत यंत्राने ‘साजगाव’ एवढेच लिहिले, तर वीस टक्के चूक धरली जाते. बोलणाऱ्याने ‘पानी’ म्हटले, यंत्रानेही ‘पानी’ लिहिले आणि प्रमाण प्रतीत ‘पाणी’ असेल, तरीही ती चूकच ठरते. खरे ऐकणारे यंत्र अशा मापनात कमी प्रतीचे ठरते, ही ह्या पद्धतीतील विसंगती फारशी लक्षात घेतली जात नाही.

उपशीर्षके : मूकपटांच्या काळात दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत, दादासाहेब फाळके ह्यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) ह्या चित्रपटातही त्या होत्या. बोलपटानंतर मजकूर चित्राच्या तळाशी गेला. उपशीर्षकात शब्दाबरोबर काळही नोंदवावा लागतो : ओळ कोणत्या क्षणी उमटावी व कोणत्या क्षणी पुसली जावी, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेले असते. वाचनाचा वेग बोलण्याहून कमी पडत असल्यास मजकूर आखडता घ्यावा लागतो. सामान्यतः एका वेळी दोनच ओळी ठेवतात. भाषांतरित उपशीर्षकांहून बोलीत आणि लेखनात भाषा तीच ठेवणाऱ्या उपशीर्षकांचे सामाजिक मोल अधिक आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी ह्यांनी १९९६ पासून ही कल्पना साक्षरतेसाठी मांडली. पाठ असलेले गाणे कानावर पडत असता त्याचे शब्द डोळ्यांसमोर आले, तर अर्धवट वाचता येणाऱ्याचा सराव आपोआप होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गुजरातीत व हिंदीत झालेले हे प्रयोग पुढे मराठी चित्रपटांच्या वाहिनीवरही करण्यात आले. येथे पाठांतर हा दोष न राहता साधन बनते. कर्णबधिर प्रेक्षकाला मात्र अशा आधाराचा काहीच उपयोग नसतो. पडद्यावर जे लिहिले तेच त्याच्यापुरते बोलले गेलेले असते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानंतर दूरचित्रवाणीसाठी २०१९ मध्ये व चित्रपटांसाठी २०२४ मध्ये ह्या संबंधीची मानके केंद्र सरकारने प्रसृत केली.

कर्जत–खालापूर भागातील बोली : प्रमाण मराठीसाठी वर वर्णिलेली साधने उपयुक्त झाली असली, तरी कर्जत व खालापूर तालुक्यांसारख्या प्रदेशात त्यांची कसोटी लागते. हा टापू घाट व कोकण ह्यांच्या सांध्यावर असून येथे आगरी, ठाकरी, कातकरी, कुणबी व घाटावरून उतरलेली मावळी अशा बोली कानावर पडतात. ग्रीअर्सन ह्यांच्या सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) आगरी, ठाकरी व काथोडी ह्या नावांनी ह्यांतील बोलींचे नमुने आले आहेत. काथोडी म्हणजे कातकऱ्यांची बोली. आगरीत ण व ळ ह्यांच्या जागी न व ल येतात; ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो. असा उच्चार ऐकताच प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र एकतर त्याला ‘डोळा’ करते किंवा भलत्याच शब्दाकडे वळते. कातकरी बोलीची अवस्था अधिक बिकट आहे. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक असून त्याच्या बोलीत छापील मजकूर फारच थोडा आहे. ज्या बोलीत पुरेसे लेखन नाही, तिच्यात यंत्राला पाठांतर करावयास काहीच मिळत नाही. ते कातकरी वाक्य मराठी शब्दांनी भरून काढते आणि पडद्यावर एक निर्दोष दिसणारे मराठी वाक्य उमटते. भट्टीवरच्या मजुरीविषयी वा जमिनीच्या दाव्याविषयी कातकरी माणसाने दिलेली साक्ष अशा रीतीने लिहिली गेली, तर ती त्याची साक्ष राहत नाही. आणि त्याला वाचता येत नसेल, तर ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

भाषाशास्त्रज्ञ अशा बोलींसाठी ओळीखाली ओळ लिहिण्याची रीत पाळतात : पहिल्या ओळीत उच्चाराप्रमाणे लेखन, दुसऱ्या ओळीत प्रत्येक शब्दाचे प्रमाण मराठी रूप व तिसऱ्या ओळीत अर्थ. मूळ ध्वनी, बोलणाऱ्याची संमती, त्याचे गाव व मुद्रणाची तारीख ही माहिती सोबत ठेवली जाते आणि जेथे ऐकू आले नाही तेथे जागा मोकळी सोडली जाते. हे काम हळू चालते व त्यासाठी ती बोली घरी बोलणारा माणूसच कानाशी बसावा लागतो.